तीस हातांच्या खाली

रावेरच्या प्रेमराज कांकरियाने त्या बेटावर पाण्याखाली जायचं ठरवलं, तेव्हा त्याच्या मते मिळण्यासारखं बरंच होतं आणि जाण्यासारखं काहीच नव्हतं. मिळणार होती अख्ख्या जिल्ह्याची एजन्सी. केळीला ड्रिपमधून सोडतात त्या खताची. एकदा ती हातात आली की रावेर-यावलपासून पार चाळीसगावपर्यंत कोणाही दुकानदाराला तो माल प्रेमराजकडूनच उचलावा लागणार. मग समाजाच्या कार्यक्रमात पुढच्या रांगेतली खुर्ची, जी सध्या त्याच्या चुलतभावाला मिळते, तीही आपोआप सरकत त्याच्याकडे येणार. आणखी एक फायदा होता, तो प्रेमराज मोठ्याने बोलत नसे. ती एजन्सी भडगावच्या पंडित पाटलाला मिळणार नव्हती.

जाण्यासारखं म्हणाल तर अर्धा तास आणि थोडी भीती. आणि हो, एक पच्चक्खाण होतं, गुरूंसमोर हात जोडून घेतलेला नियम.

ते घेतलं पर्युषणात, गावच्या जैन स्थानकात. चातुर्मासाला आलेल्या साध्वी, महासतीजींनी त्या दिवशी दिशांचं व्रत समजावून सांगितलं. माणसाने आपण कुठवर जायचं याची हद्द स्वतःच बांधून घ्यावी. पूर्व, पश्चिम, दक्षिण, उत्तर, वर आणि खाली. पाय जितके कमी फिरतील, तितकी हिंसा कमी. प्रेमराज पुढेच बसला होता, पलीकडे बायकांच्या बाजूला आई सायरबाई. सगळा समाज बघतोय म्हटल्यावर तो उठला आणि हात जोडून उभा राहिला.

व्रत घेताना माणूस किती व्यापारी असतो, ते त्या दिवशी बघावं. चारही दिशा त्याने अशा सैल बांधल्या की त्यात चीन-जपान मावावेत. वर, विमान जाईल तिथवर. महासतीजींना हसू आलं.

"शेठ, कुठेतरी आवळा."

"खाली तीस हात," प्रेमराज म्हणाला. मळ्यातली विहीर तेवढीच खोल. तिच्या खाली कोण जातो मरायला?

"हात कोणाचा?"

"आईचाच धरा, महाराजसाहेब."

सभेतून 'वा, वा' आली. सायरबाई उभ्या राहिल्या तर लेकाच्या खिशापर्यंत पोचत. त्यांचा हात धरायचा म्हणजे माप आणखीच आखूड, म्हणजे व्रत आणखीच कडक. फुकटात मिळालेली एवढी वाहवा प्रेमराजला आयुष्यात दुसरी आठवत नव्हती.

घरी जाताना सायरबाई म्हणाल्या, "जिथे जायचंच नाही, तिथली हद्द बांधलीस बेटा."

"बांधली ना पण?"

"बांधली," त्या म्हणाल्या, आणि पुढे चालू लागल्या.

जानेवारीत कंपनीची टूर निघाली. वर्षभराचं टार्गेट पुरं केलेले बावीस दुकानदार, थायलंडच्या बाजूचं एक बेट, पाच दिवस. थायलंड म्हटल्यावर बावीस घरांत बावीस बायकांनी भुवया उडवल्या आणि बावीस जणांनी 'सगळं कंपनीच्या कार्यक्रमाप्रमाणे आहे' हे एकच उत्तर दिलं. अर्धे जैन म्हणून स्वयंपाकाचा महाराज जळगावहूनच बरोबर घेतलेला. दिवस मावळायच्या आत जेवण. समोर निळाशार समुद्र आणि ताटात शेवभाजी.

कंपनीचे विभागप्रमुख जितेंद्र साहेब. साहेबांना दोन गोष्टींचा नाद होता, पाण्याखाली जाण्याचा आणि माणूस पारखण्याचा, आणि या दोन्ही गोष्टी त्यांना एकच वाटत. दुसऱ्या दिवशी जेवताना ते म्हणाले, "जिल्ह्याची एजन्सी एकालाच द्यायचीय. दोन नावं माझ्यासमोर आहेत, कोणाची ते तुम्हाला माहीत आहे. उद्या सकाळी मी खाली जातोय. माझ्याबरोबर कोण येणार?"

सगळे आपापल्या शेवभाजीकडे बघू लागले. कोणाचा गुडघा निघाला, कोणाचं बीपी निघालं. पाचोऱ्याच्या एकाने तर सांगितलं की बायकोने पाण्याची शपथ घातलीय.

पंडित पाटलाने हात वर केला. "गिरणामा म्हशीस्ना संगे पव्हनारा मानूस मी. माले काय भ्याव?"

पंडितचा माल प्रेमराजपेक्षा जास्त खपतो, हे साहेबांना माहीत होतं आणि प्रेमराजलाही. गडी मोकळा, उधारीला नाही न म्हणणारा, भडगाव-पाचोरा पट्ट्यातले शेतकरी त्याच्या शब्दावर डोळे मिटून पोतं उचलत. प्रेमराजने त्याचा वर गेलेला हात पाहिला आणि आपलाही वर केला.

सकाळी नावेवर त्याला पच्चक्खाण आठवलं. त्याने मोबाईलवर आकडा लावला. हात म्हणजे दीड फूट. तीस हातांचे पंचेचाळीस फूट. म्हणजे जवळजवळ चौदा मीटर. आणि शिकवणारी बाई तर सांगत होती की नवख्या माणसाने बाराच्या खाली जायचंच नाही. उलट दोन मीटर शिल्लक! नियमही राहतो, एजन्सीही येते. ते त्याने पंडितलाही सांगून टाकलं.

पंडित हसला. "तुमना देव बी मीटरमा मोजस का, शेठ?"

शिकवणारी बाई तिकडचीच होती. तिचं नाव कोणाच्या जिभेवर बसेना, म्हणून पंडित तिला ताई म्हणू लागला आणि तिनेही ते मान्य करून टाकलं. तिने दोन कागद दिले. इंग्रजीतले तीसेक प्रश्न. दमा आहे का, फिट येते का, कान कधी फुटला होता का, असे सगळे.

"काय काय इचारेल शे त्यामा?" पंडितने विचारलं.

"काही नाही हो. द्या इकडे." दुकानात शेतकऱ्यांचे अनुदानाचे फॉर्म भरता भरता प्रेमराजचा हात बसलेला. त्याने आपल्या कागदावर वरपासून खालपर्यंत 'नाही' लिहिलं, मग पंडितच्या कागदावरही लिहिलं, आणि सहीच्या जागी बोट ठेवून कागद पुढे सरकवला. पंडितने पूर्ण नाव लिहून सही केली.

बेटाचं दुसरं टोक जवळ आलं तशी नाव मंदावली. आपल्याकडचा दगड काळा, कातीव. तिथले दगड करडे आणि गोल गुळगुळीत, दोन-दोन मजली, एकावर एक अशा थप्प्या लावलेले की वाटावं, कोणीतरी पोती रचून ठेवली आणि न्यायला यायचं विसरून गेलं. ती रास किनाऱ्यावर संपत नव्हती, तशीच पाण्याखाली उतरत गेली होती. वरून पाहिलं की खाली दगडांच्या पाठी दिसत, आणि दोन पाठींच्या मधल्या फटीत काहीच दिसत नसे.

पाठीवर हवेची टाकी, तोंडात नळी, कमरेला शिसं. एका तरंगत्या पिंपाला बांधलेला जाड दोर सरळ खाली गेला होता. तो धरून उतरायचं. साहेब आधी गेले. मग प्रेमराज. त्याच्या वर ताई, पंडितला धरून. उतरताच पंडितने खूश होऊन अंगठा दाखवला. पाण्याखाली अंगठ्याचा अर्थ 'वर चला' असा होतो, तेव्हा ताईने त्याला इमानदारीने वर नेला, समजावलं आणि परत आणला. प्रेमराज नळीतल्या नळीत हसला. त्याच्या आणि पंडितच्या मधलं अंतर तेवढ्यात चांगलं वाढलं होतं, ही गोष्ट त्याच्या लक्षात आली आणि आवडली.

खाली सगळं निळं होतं. दगडांवर पोवळी चिकटलेली, कुठे जांभळी, कुठे हळदीच्या रंगाची. मासे त्याच्याकडे पाहतही नव्हते. कमरेशी लोंबणाऱ्या, खोली दाखवणाऱ्या घड्याळात काटा सरकत होता. चार मीटर. पाच. आवाज एकच, स्वतःच्या श्वासाचा, तोही दुसऱ्या कोणाचा असावा असा.

सहा मीटरवर पंडितने डाव्या कानाला हात लावला. प्रेमराजने वर पाहिलं. ताईने पंडितला थांबवलं होतं आणि प्रेमराजलाही तळहात दाखवत होती, थांब. खाली साहेब होते. ते दोन बोटांनी बोलवत होते, ये. प्रेमराजने तळहात न पाहिल्यासारखं केलं आणि दोरावरून हात खाली सरकवला.

तेव्हा दोर हलला.

लाटेने हलतो तसा नव्हे. एक हिसका, मग थांबणं. पुन्हा हिसका, पुन्हा थांबणं. प्रेमराजला ती चाल कळायला वेळ लागला नाही, त्याचं बालपण त्या चालीत गेलं होतं. विहिरीचा दोर घ्यायचा असला की सायरबाई तो अशाच मोजत. कोपराशी एक टोक धरायचं, बोटांच्या टोकापर्यंत ताणायचं, चिमटीत पकडायचं, पुढे ओढायचं. ताणलं की हिसका. चिमटीत धरलं की थांबणं.

त्याने पुन्हा वर पाहिलं. ताईचे दोन्ही हात पंडितच्या खांद्यांवर होते. पंडितचे दोन्ही हात कानांवर होते. त्यांच्यापासून प्रेमराजपर्यंत दोर मोकळा होता, कोणाचं बोटही त्याला लागलेलं नव्हतं. वर उन्हाची चकाकी. हिसका, थांबणं. हिसका, थांबणं.

प्रेमराज खाली जात राहिला, कारण थांबलं तर तो हिसका जास्त जाणवे. नऊ मीटर. दहा. अकरा. काटा अकराच्या थोडा पुढे गेला आणि दोर निपचित पडला. माप पुरं झाल्यावर हातातून सोडून द्यावा तसा.

अंगावर पाणी असताना घाम येतो की नाही कोणास ठाऊक, पण प्रेमराजला तो आला. पंचेचाळीस फूट कुठले? तो तर दुकानातला हात होता, दीड फुटी. स्थानकात तो स्वतःच्या तोंडाने म्हणाला होता, आईचाच धरा. आणि आईचा हात, कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, फार तर पंधरा इंच. त्याने पाण्याखाली गुणाकार केला. गुणाकाराने या माणसाला कुठेच सोडलं नाही. साडेसदतीस फूट. म्हणजे साडेअकरा मीटरही नाहीत.

घड्याळाचा काटा तिथेच होता.

हद्द इथे होती. वर जायचं तर अजून काही बिघडलेलं नव्हतं. पण खाली, दोन प्रचंड दगडांच्या मधल्या फटीच्या तोंडाशी, साहेब उभे होते, बोलवत होते. वर पंडित कान धरून अडकला होता. असा योग पुन्हा येणार नव्हता. पच्चक्खाणाचं काय, प्रायश्चित्त असतंच. असा विचार करायला त्याला एक श्वास लागला, आणि तो श्वास बुडबुडे होऊन वर जायच्या आत त्याने दोर सोडला.

"इकतीस."

आवाज कुठून आला ते कळलं नाही. पाण्यात आवाजाला दिशा नसते, तो सगळीकडून एकदम येतो. पण कोणाचा, ते कळलं. चार पिढ्या खानदेशात गेल्या, बोलणं सगळं मराठीत आलं, तरी सायरबाई मोजत असत ते मारवाडीतच. पापड असोत, चादरी असोत की दोर असो. सावकाश, प्रत्येक आकड्याच्या शेवटी जरासं थांबून.

तो फटीत शिरला. दोन्ही बाजूंनी दगड, पोवळी संपलेली, दगड उघडा आणि गार. साहेबांचे पाय पुढे हलत होते. बुडबुडे वरच्या दगडाला जाऊन चिकटत आणि तिथे पाऱ्यासारखे थरथरत राहत.

"बत्तीस."

त्या फटीत काचेसारख्या बारीक माशांचा थवा होता. हजारो, पारदर्शक, मधून नुसते डोळे दिसावेत असे. साहेब गेले तेव्हा थवा फाटला आणि त्यांच्या मागे पुन्हा मिटला. प्रेमराज गेला तेव्हाही तसाच फाटला. पण त्याने मान वळवून पाहिलं, तर त्याच्या मागे तो मिटला नव्हता. थव्यात एक भोक राहिलं होतं. फार मोठं नाही, एखादी लहानखुरी बाई मांडी घालून बसली तर मावेल एवढं. मासे त्याच्या कडेने वळसा घालत होते. प्रेमराज पुढे सरकला, तसं ते भोकही पुढे सरकलं.

"तैंतीस."

त्याने पाय मारले. जागा उतरती होती, त्याला ते कळलं नाही. फट संपली आणि पांढऱ्या रेतीचं छोटं अंगण लागलं, चारही बाजूंनी दगड, वरून उजेडाचा एकच पट्टा. साहेबांनी हात पसरले, बघ, अशी जागा! त्यांनी कॅमेरा काढला. प्रेमराजचे गुडघे रेतीला टेकले.

"चौंतीस," आवाज म्हणाला, अगदी कानाशी, आणि गप्प झाला.

फोटोत प्रेमराज हसतोय असं वाटतं. नळी तोंडात असली की सगळेच हसल्यासारखे दिसतात.

तेवढ्यात फटीतून ताई बाणासारखी आली, तिने त्याला पाठीच्या टाकीला धरून ओढला आणि थांबत थांबत वर नेला. वर जाताना काटा उलटा फिरला. मोजणी उलटी झाली नाही.

नावेवर पंडित आडवा पडला होता. डाव्या कानातून रक्ताची बारीक धार गळ्यापर्यंत आली होती. ताईने त्याला दोर धरून जागेवर थांबायला सांगितलं होतं आणि ती प्रेमराजच्या मागे गेली होती. पंडित थोडा वेळ थांबला. मग थांबला नाही.

"तुम्ही दिसनात नई, शेठ," तो म्हणाला. जीभ जड झाली होती. "म्हनीसन मी उतरनू. मंग कानमा फट्ट झायं."

प्रेमराजने त्याचा हात धरला.  आणि विचारलं ते भलतंच. "पंडितभाऊ, दोर तुम्ही हलवत होता का?"

"मी कसाले हालाडू? मना दोन्ही हात कानवर व्हतात."

बेटावरच्या दवाखान्यात डॉक्टरने कानात बत्ती घालून पाहिलं आणि मान हलवली. पडदा तर गेलाच, आतलंही काही फुटलं होतं. लहानपणी हा कान वाहत होता का, त्याने विचारलं. पंडित म्हणाला, हो, तीन पावसाळे. डॉक्टरने नावेवरचा कागद उलटून पाहिला. तिथे स्पष्ट 'नाही' होतं. पंडितने तो कागद बघितला, अक्षर बघितलं आणि प्रेमराजकडे बघितलं. 

त्याच संध्याकाळी, दिवस मावळायच्या आत, साहेबांनी एजन्सी जाहीर केली. खाली बोलावल्यावर जो येतो त्याच्यावर भरवसा टाकता येतो, असं काहीसं ते बोलले. वीस जणांनी टाळ्या वाजवल्या. एकविसावा दवाखान्यात होता.

रावेरला परत आल्यावर प्रेमराजने चार दिवस कळ काढली आणि पाचव्या दिवशी आईसमोर बसला. सायरबाई मेथी निवडत होत्या. त्याने सगळं सांगितलं. दोर, मोजणी, मासे.

"रागावू नकोस," तो म्हणाला. "पण तू मोजायला यायला नको होतंस."

सायरबाईंचे हात थांबले. "मी?"

"आवाज तुझाच होता."

"शनिवारी ना? दुपारी बाराच्या आत?" त्यांनी आठवलं. "त्या वेळी मी कळण्याची भाकरी खात होते. बरोबर ठेचा होता. हे कसलं भलतंच बोलतोस?" मग जरा सौम्य होऊन म्हणाल्या, "बेटा, धर्म असा दोर घेऊन कोणाच्या मागे फिरत नाही. पच्चक्खाण मोडलं, तर जाऊन सांगायचं, प्रायश्चित्त घ्यायचं. आपल्यात ज्याचं कर्म त्यालाच भोगावं लागतं. दुसरा कोणी मोजत नाही आणि दुसऱ्या कोणाकडून वसूल होत नाही."

"मग पंडितचा कान?"

 त्या मेथीच्या काड्या मोडू लागल्या. मग खाली बघूनच म्हणाल्या, "माझ्या आवाजात दुसरं कोणी मोजत असेल, तर ते धर्मातलं नाही. मला त्याची भीती वाटते." त्या वयात सायरबाईंनी कशाची भीती वाटते म्हटलेलं प्रेमराजने पहिल्यांदाच ऐकलं.

महासतीजींना चिठ्ठी गेली, उलट निरोपात तेला आला, म्हणजे सलग तीन उपास. तीन दिवस प्रेमराजने नुसतं उकळलेलं पाणी घेतलं. चौथ्या दिवशी पारणं झालं, लोकांनी विचारपूस केली, आणि त्याला हलकं वाटलं. पंडितचंही त्याने मनातून ठरवून टाकलं. भडगावात जो माल जाईल तो फक्त पंडितच्याच दुकानातून, दुसऱ्या कोणाला द्यायचा नाही. तसा शब्द त्याने फोनवर दिला. पंडित म्हणाला, "तुमना शब्द म्हंजे झायं."

मार्चमध्ये पंडित स्वतः रावेरला आला, माल बघायला. खुर्ची फिरवून उजवी बाजू प्रेमराजकडे करून बसला. चहा आला, इकडच्यातिकडच्या गप्पा झाल्या. केळीचा भाव, उन्हाचा कडाका. मग पंडितने कप खाली ठेवला.

"शेठ, एक इचारू? चौंतीस म्हंजे काय?"

प्रेमराजच्या बशीत चहा सांडला.

"या कानमा आते काहीच ऐकू येत नई," पंडित डाव्या कानावर टिचकी मारत म्हणाला. "ढोल वाजाडा तरी नई. पन एक डोकरी मोजस. इकतीस... बत्तीस... तैंतीस... चौंतीस. थांबस. जराशीक दम खास. मंग पह्यलापाईन." आणि तो हसला. "भाडेकरू ठेयेल शे कानमा. भाडं मात्र देत नई."

त्याने आकडे उच्चारले ते सायरबाईंच्या चालीत. प्रत्येकाच्या शेवटी जरासं थांबून. पंडितने सायरबाईंना कधी पाहिलेलं नव्हतं, आणि आयुष्यात मारवाडीचा एक शब्द त्याने उच्चारलेला नव्हता.

"चौतीस," प्रेमराज म्हणाला. "मारवाडीत चौंतीस म्हणतात."

"मारवाडी डोकरी मन्हा कानमा कसाले उनी?"

याचं उत्तर प्रेमराजकडे होतं. त्याने दुसरा चहा मागवला.

त्यानंतर महिनाभर प्रेमराज फार सरळ वागला. वजनकाट्याला हात लावला नाही, कोणाला चुकीची बॅच खपवली नाही. पंडितला अधूनमधून फोन करून तो आडून विचारी, कान कसाय? पंडित सांगे, डोकरी तिथेच शे, चौंतीसवर. मग प्रेमराजला त्या रात्री झोप लागे.

मे महिन्यात लागवडीचा हंगाम तोंडावर आला. भडगावात पंडितच्या दुकानासमोर दीपक नावाच्या पोराने नवं, काचेचं दुकान टाकलं होतं. तो रावेरला आला. पंडितच्या दुप्पट माल उचलतो म्हणाला, वर्षभराचा करार करतो म्हणाला. पंडित अलीकडे कमी उचलत होता. चक्कर येते म्हणून दुपारी दुकान लवकर बंद करी. गिऱ्हाईक समोर जाऊ लागलं होतं. आणि जुलैत साहेब जिल्ह्याचा आकडा बघणार होते. आकडा खाली गेला तर एजन्सी काढून घ्यायला त्यांना एक ईमेल पुरे.

प्रेमराजने दीपकला उद्या ये म्हणून सांगितलं. उद्या आला तेव्हा परवा ये म्हणाला. तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने गोदामाच्या दारात उभं राहून विचार केला. विचार म्हणजे तोच, दोरावरचा, एका श्वासाचा. शब्द काय फोनवर दिलेला. कागद नाही. पंडितला दुसऱ्या कशात तरी भरून देऊ. त्याने मान हलवली आणि हमालांनी भडगावच्या गाडीत पोती चढवायला सुरुवात केली.

गाडी केळीच्या ट्रकांच्या रांगेतून हळूहळू हायवेकडे वळली, दिसेनाशी झाली, आणि खिशातला फोन वाजला.

"शेठ," पंडित म्हणाला. मागे त्याच्या दुकानातला पंखा घरघरत होता. समोरच्या दुकानासाठी माल निघाल्याचं त्याला अजून कळायचं होतं. तो खुशीत होता, काहीतरी नवीन सांगायचं असल्यासारखा. "आज डोकरी पुढं सरकनी. इतला दिन चौंतीसवर अडकेल व्हती. आते जराशीक येळ पह्यले, पैंतीस म्हने."

प्रेमराज गाडी गेली त्या वळणाकडे बघत होता.

"आयकतस का, शेठ?"

"ऐकतोय."

"जोरमा बोला ना. हाऊ उजवा कान बी सकायपाईन जड शे. मळ व्हई."

"मळच असेल, पंडितभाऊ," प्रेमराज ओरडून म्हणाला. रस्त्यावरची दोन माणसं वळून बघू लागली. गाडीवाल्याचा नंबर फोनमध्ये होता. अजून गाडी सावद्याच्याही पुढे गेली नसेल. प्रेमराजने नंबर काढला, त्याच्यावर अंगठा धरला, आणि धरूनच राहिला. हमालांनी गोदामाचं शटर ओढलं.

तर एकूण असं. एजन्सी प्रेमराजकडे राहिली. जुलैत साहेबांनी आकडा पाहिला आणि पाठीवर थाप मारली. पुढच्या रांगेतली खुर्ची मिळाली. व्रत मोडल्याचे तीन उपास प्रेमराजने चोख केले, त्यात त्याचं दोन किलो वजन उतरलं, ते डॉक्टरने चांगलंच सांगितलं. सायरबाईंनी मोजणं सोडलं. पापड लाटले की आता सून मोजते. आणि किंमत भरली ती भडगावच्या पंडित पाटलाने, ज्याने कसलंच पच्चक्खाण घेतलं नव्हतं. डावा कान पुरा. उजवा अर्ध्याच्या वर.